निवांतला नकार

"मॅडम, जरा शांत व्हा" असं कुणी म्हटलं की माझं डोकं आणखी फिरतं. हे मिरजेत सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाल्याला ठाऊक आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीला ठाऊक आहे, आणि ज्या 'प्राणसेतू' कंपनीत मी अर्धी हयात घालवली तिथल्या शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना तर चांगलंच ठाऊक आहे. तरीसुद्धा त्यांनी मला तेच सांगितलं, तेही माझ्याच घरात बसून, माझ्याच हातचा चहा पिऊन!

पण ते नंतर. सुरुवात झाली ती खो-खोच्या मैदानावर.

आमचे हे, म्हणजे बाहुबली मगदूम, सगळ्या मिरजेचे मगदूम सर. मीही त्यांना सरच म्हणते, कारण लग्नाआधी त्यांची ओळख झाली ती याच मैदानावर आणि तेव्हाची सवय सुटली नाही. ऐन तारुण्यात खो-खो खेळले, मग शाळेत क्रीडाशिक्षक झाले, आणि त्या उड्यांनी नि आपटण्यांनी त्यांच्या पाठीचे मणके पार खिळखिळे झाले. निवृत्तीनंतर तर खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी तोंडातून हाय निघायची. दुखणाऱ्या माणसाच्या घरात कसं वातावरण असतं ते मी सांगायला नको. वरणात मीठ कमी पडलं तरी महायुद्ध, जास्त पडलं तरी महायुद्ध.

आणि मग आलं 'निवांत', म्हणजे अंगातल्या यंत्रांसाठी प्राणसेतूनं काढलेलं पाठदुखीवरचं नवं सॉफ्टवेअर. आमच्या घरी पुन्हा शीळ ऐकू यायला लागली. सर सकाळी उठून मैदानावर जायला लागले, मुलींच्या संघाला शिकवायला लागले. त्या दिवशी मी बाजारातून येताना सहज तिकडे डोकावले, तर हा बाबा चक्क पाटीवर मुलींच्या रांगेत उकिडवा बसलेला! मागून खो मिळाला तसा उठला, खुंटाला वळसा घालून धावला आणि एका चपळ पोरीच्या पाठीला हात लावून मोकळा झाला. मुली टाळ्या पिटत होत्या. मीसुद्धा पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

मग ते माझ्याकडे चालत आले आणि माझ्या टाळ्या थांबल्या. ओठ पांढरे पडले होते. सकाळच्या थंडीत कपाळावरून घाम निथळत होता.

"सर, बसा आधी."

"का गं? कसा पळालो बघितलंस का?"

"बसा म्हणते ना!"

पर्समध्ये माझं रीडर, म्हणजे अंगातल्या यंत्रांची नोंद वाचायचं साधन, असतंच. निवृत्त झाले तरी ते वागवायची खोड गेली नाही. मी ते त्यांच्या मानेखालच्या हाडाजवळ टेकवलं आणि पडद्यावर बघितलं. त्यांच्या छातीतल्या हृदयाच्या यंत्रानं हाक दिलेली होती. ठोके बिघडलेत, या माणसाला थांबवा, डॉक्टरांना कळवा, अशी स्पष्ट हाक.

"मानेखाली टकटक झाली का?" मी विचारलं. हाक पोचली की ती व्हायलाच हवी.

"कसली टकटक? एकदम निवांत आहे की मी," ते हसून म्हणाले.

थोड्या वेळानं ठोके आपोआप ताळ्यावर आले, ओठांवर रंग आला. सर पुन्हा शिट्टी तोंडात घालून मुलींकडे निघाले. मी रीडर पुन्हा बघितलं. हाक दिली गेली होती आणि ती पोचलीच नव्हती.

आता इथं थांबून मला टिकलीबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

पूर्वी उतारवयात माणसाच्या अंगात यंत्रांची जत्रा भरायची. हृदयाला एक, साखरेला एक, पाठदुखीला मणक्याजवळ एक. प्रत्येकाची बॅटरी वेगळी, ऑपरेशन वेगळं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की यंत्रांचे मेंदू तेवढे एकत्र करावेत. अशी निघाली टिकली. सरकारी नाव लांबलचक आहे, पण कपाळावरच्या टिकलीएवढी म्हणून लोकांनी तेच नाव पाडलं. ती मानेखालच्या हाडाजवळ कातडीच्या आत बसवतात आणि अंगातल्या सगळ्या यंत्रांचं डोकं तिथून चालतं.

अडचण एकच होती. हृदयाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर जुनं, पण लाखो माणसांच्या छातीत तावून सुलाखून निघालेलं. त्याच्या एका ओळीला हात लावायचा तर सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून करायच्या. म्हणून प्राणसेतूत आम्ही त्याला हात लावलाच नाही. त्याच्याभोवती एक खोटा डबा उभा केला. त्या सॉफ्टवेअरला वाटतं, आपण आपल्या जुन्या डब्यात एकटेच राहतो आहोत; प्रत्यक्षात ते टिकलीत दाटीवाटीनं राहत असतं. पाठीच्या सॉफ्टवेअरलाही तसंच वाटतं, साखरेच्याही. असल्या खोट्या डब्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

प्रोसेसर आपल्या कामात गढलेला असतो. कुणाला तातडीचं काही सांगायचं झालं तर त्यानं आपली तार ओढायची आणि प्रोसेसरचं काम थांबवायचं. याला इंटरप्ट म्हणतात. सगळ्यांनी एकदम तारा ओढल्या तर कुणाला आधी घ्यायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, कुणाचं सध्या ऐकायचंच नाही, हे ठरवतो तो इंटरप्ट कंट्रोलर. जुन्या डब्यात तो खराखुरा होता. खोट्या डब्यात त्याचीही नक्कल करावी लागते आणि ती नक्कल मी केली. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. खऱ्याच्या खोडीसुद्धा जशाच्या तशा उतराव्या लागतात, कारण जुनं सॉफ्टवेअर त्या खोडी गृहीत धरून लिहिलेलं असतं. त्यातली एक खोड अशी की जुन्या कंट्रोलरला तारा मोजक्याच होत्या, त्यामुळे टिकलीत सगळे एकत्र आल्यावर हृदय आणि पाठ यांच्या वाट्याला मिळून एकच तार आली. मी ती तशीच ठेवली आणि दोघांपैकी एकाचीही हाक चुकणार नाही असं लिहिलं.

त्या दिवशी मी सरांच्या टिकलीची प्रत रीडरवर उतरवून घेतली, घरी येऊन डायनिंग टेबलावर पसारा मांडला आणि निवांतची आवृत्ती उघडली. थोड्याच वेळात सापडलं. सापडलं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या बाई दार वाजवायला आल्या.

साध्या भाषेत सांगते. दोन घरांना मिळून एकच दिवा आहे असं समजा. कुणाला मदत हवी असेल तर त्यानं बटण दाबून धरायचं, खाली वॉचमनजवळ दिवा लागतो. माझ्या कोडमधला वॉचमन दिवा लागला की वर जायचा, दोन्ही घरांत विचारायचा, काम करून खाली यायचा आणि दिवा अजून चालू आहे का ते बघायचा. चालू असेल तर पुन्हा वर. दिवा विझेपर्यंत त्याला बसायची मुभाच नव्हती.

निवांत लिहिणाऱ्या पोरांनी हा वॉचमन बदलला. ज्याची पाठ कायमची दुखते त्याचं बटण कायमच दाबलेलं. म्हणजे दिवा कधी विझणारच नाही, वॉचमन दिवसभर जिने चढणार, आणि माणसाला मानेखाली दिवसभर टकटक, टकटक. टिकलीची बॅटरीही सपाट. म्हणून त्यांनी ठरवलं की दिवा नव्यानं लागेल तेवढ्यापुरतंच उठायचं. एकदा वर जाऊन बघायचं, पाठ ओरडते आहे हे कळलं की तिथं बधिर करणारा झटका कायमचा चालू करून द्यायचा आणि खाली येऊन बसायचं. दिवा चालू राहिला तर राहू दे.

झालं ना मग? पाठीनं बटण दाबून धरलेलंच आहे, दिवा लागलेलाच आहे. अशात हृदयानं बटण दाबलं तर नव्यानं काय लागणार? वॉचमन बसूनच राहतो. ज्याची पाठ कायम दुखते, त्याच्या हृदयाची हाक त्याला कधीच पोचणार नाही. आणि निवांत घेतात कोण? ज्यांची पाठ कायम दुखते तेच!

मी दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन लावणार होते, तर ऋतुजा भोकरे आपणहून घरी आली. ऋतुजा म्हणजे प्राणसेतूची आजची प्रमुख. ती कॉलेजातून नुकती बाहेर पडून माझ्या हाताखाली आली, तेव्हा मी तिला रडवलेलंही आहे आणि डब्यातली पुरणपोळीही खाऊ घातली आहे. हुशार पोरगी. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली आणि वाकून नमस्कार केला.

"मॅडम, निवांतला कायमची मान्यता मिळायची आहे. सध्या आहे ती तात्पुरती. समितीची सुनावणी आपल्याच हॉलमध्ये आहे. तुम्ही आलं पाहिजे."

कशाला, ते मला कळलं होतं. शरीरात बसणाऱ्या यंत्रांना एक नियम आहे. व्हर्च्युअल मशीनच्या गाभ्यात कुणी बदल केला तर तो गाभा मुळात लिहिणाऱ्यानं, तो हयात असेल तर, समितीपुढे उभं राहून हमी द्यायची की मूळ काम बिघडलेलं नाही. गाभा माझा होता आणि मी चांगली धडधाकट हयात होते.

"ऋतुजा, बस. तुला एक दाखवायचंय."

मी तिला टेबलावरचा पसारा दाखवला. पाठीची तार वर, हृदयानं ओढली, कंट्रोलर गप्प. पुन्हा दाखवलं. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, आता ती दचकेल, फोन काढेल, कुणालातरी झापेल.

"मॅडम, आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

मी चहाचा कप खाली ठेवला. "काय माहीत आहे?"

"हेच. पुढच्या आवृत्तीत हृदयाला स्वतंत्र तार देतोय आम्ही. पण त्यासाठी हृदयाच्या सॉफ्टवेअरला हात लावावा लागतो, चाचण्या आल्या, दोन-तीन वर्षं सहज जातील. तोवर काय करायचं सांगा? टकटकीला कंटाळून लोक टिकली काढून मागत होते. पाठीचा उपाय पण गेला आणि हृदयाचा पण. निवांत आल्यापासून एकसुद्धा माणूस काढायला आलेला नाही."

"मेलेला माणूस कशाला येईल गं काढायला?"

"तसं झाल्याची एकही नोंद नाही मॅडम."

"नोंद कशी असेल? हाक पोचली तर नोंद होते. न पोचलेल्या हाकेची नोंद करणारी ओळ लिहिलीय का तुम्ही? दाखव मला!"

"मॅडम, जरा शांत व्हा."

बास. मी पेढ्यांचा बॉक्स उचलला, तिच्या हातात दिला आणि दार उघडून उभी राहिले. "लोकांना सांगा. ज्यांच्या अंगात हे घातलंय त्यांना सगळं खरं सांगा, मग ज्याला हवं तो घेईल. हे करणार असशील तर बोल."

"सांगितलं तर कोण घेईल?" ती हळूच म्हणाली आणि गेली. जाताना तिचे डोळे भरले होते. तिलाही हे सोपं जात नव्हतं, तेवढं मी ओळखते. पण त्यानं हृदयाची हाक पोचत नव्हती.

मागं वळले तर सर स्वयंपाकघराच्या दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपतं. सासरी जैन घरातली ही रीत मी लग्न झाल्यापासून पाळत आले आहे, तशी मी फार धर्मकर्माची नसले तरी. त्या संध्याकाळी ताटं वाढली आणि मी सरांना सगळं नीट समजावून सांगितलं. दिवा, बटण, वॉचमन. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत मोडत ऐकून घेतलं.

"कळलं," ते म्हणाले. "आता माझं ऐक. तू हमी दे."

"अहो, काय बोलताय?"

"तू हमी दिली नाहीस तर निवांत बंद होणार. सगळ्यांचं, माझंपण. बरोबर?"

"हृदयाची तार वेगळी होईपर्यंत. दोन-तीन वर्षं."

"दोन-तीन वर्षं!" त्यांनी ताटावरचा हात काढला. "लता, तुला दोन-तीन वर्षं म्हणजे काय वाटतं गं? मला बुटाची लेस बांधता येत नव्हती. तू बांधत होतीस. मला लाज वाटायची ते मी कधी बोललो का? आता मी पळतोय. पोरींना पळवतोय. घरात तुझ्याशी गोड बोलतोय, ते तरी तुला आवडतंय की नाही?"

"आवडतंय."

"मग?"

"मग काय? त्या दिवशी तुम्ही मैदानावर पांढरे पडला होता. पुढच्या वेळी उठणार नाही तुम्ही, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही!"

"नाही कळलं तर नाही कळलं," ते म्हणाले. "न कळता जायला कुणाला नको असतं? लोक देवाला नवस बोलतात त्याच्यासाठी. हसत खेळत मैदानावर गेलो तर बिघडलं काय?"

ते काही वेडंवाकडं बोलत नव्हते. माझ्या मनात आलं, द्यावी हमी, आपलं माणूस सुखात राहील, बाकीचे त्यांचं ते बघून घेतील. तेवढ्यात माझी जीभ मात्र आपल्या वाटेनं गेली.

"तुमच्या आईंनी समाधिमरण घेतलं होतं," मी म्हणाले. "आधी अन्न सोडलं, मग पाणी. सगळं ठरवून, सगळ्यांची क्षमा मागून. शेवटच्या घटकेला णमोकार म्हणताना तुम्ही कानाशी होता आणि त्या तुमच्याबरोबर म्हणत होत्या. त्यांना गुंगीचं औषध देऊ का म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर त्या काय म्हणाल्या, ते तुम्हीच मला सांगितलंत. मला सावध जायचंय म्हणाल्या. आणि त्यांचा मुलगा म्हणतो, मला न कळता जायचंय!"

सर उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच. हात धुतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मी म्हणू नये ते म्हणाले होते आणि मला त्याचं वाईट वाटत होतं. तरी एक शब्द मागं घ्यावा असं वाटलं नाही.

त्यानंतर बोलणं बंद. अगदी बंद. चहा हवा असेल तर भिंतीकडे बघून "चहा होईल का" म्हणायचे. मीही भिंतीलाच उत्तर द्यायचे. एरवी या वयात असला पोरकटपणा बघून हसू आलं असतं. मला रडू येत होतं. ते रोज मैदानावर जायचे आणि परत येईपर्यंत मी गॅलरीत उभी. कोपऱ्यावर त्यांची टोपी दिसली की मी आत जाऊन काहीतरी काम करत असल्याचं सोंग घ्यायचे.

सुनावणीच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. निवांत घेणारे लोक मुद्दाम आले होते. पंचाहत्तरीच्या बायका पायऱ्या टणाटण चढून येत होत्या. स्टेजवर मान्यता समिती, मध्ये अध्यक्ष डॉक्टर शबाना नाईकवडी. पहिल्या रांगेत ऋतुजा. आणि तिच्या बाजूच्या खुर्चीवर कोण? आमचे सर! घरातून माझ्या आधीच निघून आले होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"विद्युल्लता मगदूम," माझं नाव पुकारलं. मी माइक हातात घेतला.

"मी हमी देणार नाही," मी म्हणाले. "का ते ऐका. ज्याची पाठ कायम दुखते त्याच्या हृदयाची हाक निवांतमध्ये पोचत नाही. अधूनमधून नव्हे, कधीच पोचत नाही. हे कंपनीला माहीत आहे. तुम्हाला मी इथं आत्ता करून दाखवते."

मी दाखवलं. पडद्यावर सगळ्यांनी बघितलं. हॉलमध्ये गलका उठला, पण तो ऋतुजावर उठला नाही. माझ्यावर उठला. एक बाई उभी राहिली, तिच्या हातात काठी नव्हती आणि ते तिला सगळ्यांना दाखवायचं होतं. "आमचं सुख बघवत नाही का हो तुम्हाला?" ती ओरडली. "पुन्हा अंथरुणाला खिळवताय आम्हाला? तळपट होवो तुमचं!" मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तिचं दुखणं खरं होतं. "शिव्या द्या," मी म्हणाले. "रोज घरी येऊन द्या. पण हमी मिळणार नाही."

ऋतुजा उठली. आवाज शांत होता. "अध्यक्ष महोदया, मॅडमना मी गुरू मानते. पण हा प्रश्न जो निवांत वापरतो त्याला विचारावा. मॅडमचे यजमान मगदूम सर इथेच आहेत. त्यांना सगळी कल्पना आहे. धोका कळूनही त्यांना निवांत हवं असेल तर ते थांबवायचा अधिकार कुणाला आहे?"

प्रश्न बिनतोड होता. डॉक्टर नाईकवडींनी सरांकडे बघितलं. "मगदूम सर, आपण सांगा. आपल्याला निवांत हवं आहे की नको?"

सर उभे राहिले. सहज, ताठ, एखाद्या तरुण खेळाडूसारखे.

"आधी बंद करा," ते म्हणाले.

"काय बंद करा?"

"माझं निवांत. आत्ता, इथं. दुखत नसताना 'मला धोका चालतो' म्हणायला काय जातंय? गेले कितीतरी दिवस मी तेच म्हणतोय घरात. ते मी बोलतोय की हे यंत्र बोलतंय, तेच मला कळेना झालंय. बंद करा, मग विचारा."

ऋतुजा पुढं झाली. "सर, असं एकदम बंद केलं तर फार त्रास होईल. दवाखान्यात करू या."

"लता," त्यांनी भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून हाक मारली. "रीडर आण."

मी गेले. परवानगीसाठी त्यांनी रीडरवर अंगठा ठेवला आणि मी निवांत बंद करून माझा जुना वॉचमन पुन्हा चालू केला.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. दात आवळले गेले. एक हात कमरेवर गेला, दुसऱ्यानं त्यांनी माझा खांदा असा धरला की मला हाड मोडतंय असं वाटलं. गुडघे वाकले. कुणीतरी खुर्ची पुढं सरकवली, ती त्यांनी पायानं मागं ढकलली. तोंडातून जी हाय निघाली ती मी विसरलेच होते, आणि ती ऐकून मला वाटलं, विद्युल्लता, तू काय करून ठेवलंस हे!

"हं," ते म्हणाले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला होता. "आता विचारा."

डॉक्टर नाईकवडींनी पुन्हा विचारलं. "मगदूम सर... आपल्याला निवांत हवं आहे की नको?"

"हवंय ओ!" सर ओरडले. "खूप हवंय! कुणाला नको असणार? या सगळ्यांना हवंय, त्यांना नावं ठेवू नका. पण असलं नको. मला जायचं असेल तर मला कळून जायचंय. हृदयाची तार वेगळी करून आणा, रांगेत पहिला मी उभा राहीन. तोवर दुखू दे."

हमी नव्हती, त्यामुळे नियमाप्रमाणे मान्यता मिळाली नाही. निवांत सगळ्यांचं टप्प्याटप्प्यानं बंद होणार होतं आणि चाचण्या लगेच सुरू करा म्हणून समितीनं कंपनीला सांगितलं. ते ऐकायला आम्ही थांबलो नाही. दाराशी ती काठी नसलेली बाई उभी होती. तिनं आमच्याकडे रागानं बघितलं, पण सरांना जायला बाजूला झाली.

हॉलबाहेरचा रस्ता उन्हानं तापला होता. सर माझ्या खांद्यावर रेलून एक एक पाऊल टाकत होते. टकटक सुरू झाली होती, ती त्यांच्या मानेजवळ कातडीखाली मला दिसत होती.

"रिक्षा करू?"

"नको. खड्ड्यात जीव जाईल. चाल." थोडं चालले आणि थांबले. "लता, ही टकटक कुणाची?"

मी रीडर टेकवलं. "पाठीची."

पुन्हा चाललो. सावलीच्या कडेला येऊन ते परत थांबले, डोळे मिटून. "लई दुखतंय गं. आणि ही?"

"पाठीचीच."

"न बघता सांगतीस!"

"बघितलं ओ!" मी ओरडले. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता. "दर वेळी बघणार आहे. तुम्ही चाला."